खंडेनवमीचा धूर

झेंडूचा वास मला सहन होत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे. डोकं दुखतं, म्हणते. ते खोटं आहे. झेंडूनं माझं डोकं आजवर कधी दुखलेलं नाही. पण नवरात्र सरत आलं, कल्याणच्या बाजारातून फुलांचे टेम्पो भरभरून निघाले आणि आमच्या डोंबिवलीच्या गल्लीत रिक्षावाले आपापल्या रिक्षा धुऊन पुढच्या काचेवर माळा बांधायला लागले, की मी रस्त्याची बाजू बदलते. कोणी नळाला पाइप लावून टायर घासत असतो, कोणी हँडलवर हळदीकुंकवाची बोटं उठवत असतो. पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर वर्तमानपत्रावर ओळीनं मांडून त्यांच्यापुढे नारळ ठेवलेला असतो. फार साधं, गोड दृश्य असतं ते. बाजूनं जाताना मी मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं वाचत असल्याचं नाटक करते.

हे दिवसही विचित्रच. पाऊस गेलेला असतो आणि थंडी यायचं नाव घेत नाही. सकाळी गवतावर दव, अकरा वाजता घामाच्या धारा, संध्याकाळी मलंगगडाच्या बाजूला उगाच काळं होऊन आलेलं आभाळ. शहाड सोडून पुढे गेलं की इमारतींच्या मधेमधे उरलेली भाताची खाचरं पिवळी झालेली दिसतात. कापणीला आलेल्या भाताला उन्हात एक भाजल्यासारखा वास येतो. बायका डोक्याला फडकं गुंडाळून वाकलेल्या असतात आणि त्यांच्या मागे मागे बगळे फिरत असतात. लोकांना या दिवसांत गरबा आठवतो, सोनं लुटणं आठवतं. मला एक खोली आठवते, एका काचेवरचा रव्याच्या दाण्याएवढा करपट डाग आठवतो आणि माझंच एक वाक्य आठवतं. सहा वर्षं झाली, तरी ते वाक्य आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

ती खोली ठाण्यातली. एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला. मी तिथे पीएचडीला होते. आमचं घर तेव्हा दिवा स्टेशनजवळ होतं. इमारत नवी होती, भिंतीतली ओल मात्र मुरलेली, आणि पाणी एक दिवसाआड. सकाळी बादल्या, पिंप, अगदी कुकरचं भांडंसुद्धा भरून ठेवून मी निघायचे आणि तासाभरात अशा खोलीत शिरायचे, जिथे धुळीचा एक कणही खपवून घेत नसत. चपला बाहेर, डोक्याला टोपी, पावलांना कापडी पिशव्या. एसी बारा महिने एकाच आकड्यावर. मधोमध भलंमोठं पोलादी टेबल, त्यावर शेकडो छोटे आरसे आणि भिंगं. त्या सगळ्यावर पेटाऱ्यासारखं झाकण, आणि झाकणात गाळलेली स्वच्छ हवा आत सोडणारा पंखा. या सगळ्याच्या मध्यभागी काचेच्या खिडक्या असलेलं स्टीलचं एक भांडं. त्यातली हवा शोषून शोषून काढलेली. आणि आत, कशालाही न टेकता, विजेच्या जोरावर अधांतरी धरून ठेवलेले दोन अणू. प्रत्येकाचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतलेला, म्हणून त्यांना आयन म्हणायचं.

पडद्यावर ते तिळाएवढे दोन पांढरे ठिपके दिसायचे. क्वांटम संगणक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी अचाट उभं राहतं. आमचा सगळा संगणक या दोन तिळांचा होता. आयन उजळला तर एक, काळा राहिला तर शून्य, आणि आपण बघेपर्यंत तो दोन्हींच्या मधे कुठेतरी. पण नुसतं एवढ्यावर गणित होत नाही. एकाचं दुसऱ्याला कळावं लागतं, एकाची अवस्था बघून दुसऱ्याची बदलावी लागते. या कामाला गेट म्हणतात. नेहमीच्या संगणकात ते तारांमधून होतं. इथे तारा नाहीत, इथे ते काम लेझर करतो. दोघं आयन एकाच सापळ्यात असतात, म्हणून त्यांचं एका बाजेवर झोपलेल्या दोन माणसांसारखं होतं. एक कुशीवर वळला की दुसऱ्याला कळतं. लेझरच्या झोतानं त्यांना हलकंसं ढकलायचं. जो ज्या अवस्थेत असेल तसा तो डोलतो, त्याचं डोलणं दुसऱ्याला लागतं, आणि पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या हजाराव्या हिश्शात झोत थांबवायचा. थांबताना मात्र दोघं जिथून निघाले बरोबर तिथेच परत आलेले हवेत. डोलणं जरासं जरी मागे राहिलं, तरी गेट बिघडलं. मला हे शिकायला दोन वर्षं लागली. वर्गात शिकवताना आता मी ते दहा मिनिटांत उरकते.

भोईरकाका त्या दोन ठिपक्यांना जोडी म्हणायचे. ते आमचे टेक्निशियन. शहाडच्या पलीकडच्या एका गावचे, आगरी, पन्नाशी उलटलेले. शेतजमीन बरीचशी इमारतींखाली गेलेली, घर दुमजली झालेलं. त्यांना नोकरीची तशी गरज नव्हती, पण त्या खोलीचं वेड होतं. सकाळी मी आले की पहिला प्रश्न, "जोडी बसली का गो?" बसली असेल तर पडद्यापुढे मिनिटभर हात मागे बांधून उभे राहायचे. नसेल तर म्हणायचे, "रुसली असंल. येल."

गेटचा लेझर डोळ्यांना दिसत नाही, अतिनील असतो. पांढऱ्याशुभ्र कागदावर पडला की मात्र कागद निळा उजळतो. त्यासाठी बाजारात खास कार्डं मिळतात. काका मात्र जुन्या लग्नपत्रिका कापून आणायचे. गावात लग्नं उदंड. "शालिनी वेड्स" एवढंच उरलेल्या तुकड्यावर आमचा झोत निळा होऊन थरथरत असायचा आणि काका आरशाच्या मागचा स्क्रू श्वास रोखून केसभर फिरवत असायचे. मला जे अर्धा दिवस जमायचं नाही, ते त्यांना एका चहाच्या वेळेत जमायचं. मी त्यांच्यापेक्षा किती शिकलेली आहे हे मला तेव्हा फार नीट माहीत होतं. आता ते आठवलं की माझाच राग येतो.

खंडेनवमीला ते ड्रॉवरमधली सगळी हत्यारं बाहेर कॉरिडॉरमध्ये काढायचे. पाने, स्क्रू-ड्रायव्हर, चिमटे, एकेक पुसून तिथल्या टेबलावर मांडायचे. हळदीकुंकू, झेंडूचं एकेक फूल, पेढ्यांचा पुडा. दाराला माळ, पण बाहेरच्या बाजूनं. उदबत्ती तर पार जिन्याच्या खिडकीशी, अर्ध्या केळ्यात खोचून, वाऱ्याच्या तोंडावर. दार ओढून घेऊन, लागलं की नाही ते हातानं ढकलून पाहायचे. मग खाली जाऊन हातपाय धुवायचे, पिशवीतून आणलेला दुसरा शर्ट घालायचे आणि तासभर आत पाऊल टाकायचे नाहीत. एकदा मी त्यांची थट्टा केली होती. "काका, देवाला इतकं लांब बसवलंत?" ते म्हणाले, "देवाला काय, तो कुटूनपन बघतो. जोडीला धूर चालत नाय."

त्या वर्षी माझं गेट तीन महिने अडून बसलं होतं. शंभर वेळा चालवलं की दोघं आयन एक तर दोन्ही उजळ यायला हवेत, नाहीतर दोन्ही काळे. माझ्याकडे शंभरातले पंधरा-वीस फुटायचे, एक उजळ, एक काळा. झोताची वेळ बदलली, जोर बदलला, रंग केसभर सरकवला. काही नाही. दिवाळीनंतर एक समिती यायची होती, प्रकल्प पुढे चालू ठेवायचा की नाही ते ठरवायला. मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, रागावणाऱ्या नव्हत्या. त्या नुसतं विचारायच्या, "आज किती?" मी आकडा सांगितला की "बरं" म्हणायच्या. त्या "बरं"ची मला ओरड्यापेक्षा धास्ती वाटायची. उकाडा इतका होता की दिव्याच्या घरात पंख्याखाली बसून आकडेमोड करताना वहीवर घाम टपकायचा. आई नऊ दिवस अखंड दिवा लावून बसली होती. तिनं खंडेनवमीच्या सकाळी डबा देताना सांगितलं, "अगं, तुझ्या त्या मशिनला दोन फुलं वाहा आज. हसू नकोस."

मी हसले नाही. खरं तर तिथेच माझं मला कळायला हवं होतं.

दुपारी काका पूजा आटोपून, हातपाय धुऊन, घरच्या हत्यारांची पूजा करायला अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. मॅडम मीटिंगला. खोलीत मी एकटी. पडद्यावर जोडी शांत बसलेली. मी शंभरदा गेट चालवलं, एकोणीस फुटले. पुन्हा चालवलं, सतरा. मी उठले, दार उघडून बाहेर गेले, काकांच्या पुड्यातली एक उदबत्ती काढली, त्यांच्याच काडेपेटीनं पेटवली आणि आत आले. पंख्याच्या वाऱ्यानं धूर तोंडावर यायला लागला म्हणून पंखा बंद केला. झाकण वर उचललं. आणि त्या भांड्यासमोर, ज्याच्याजवळ आम्ही मोठ्यानं बोलतसुद्धा नव्हतो, मी डोळे मिटून तीनदा उदबत्ती ओवाळली. तोंडानं काय म्हणाले ते इथे लिहिणार नाही. तेवढी तरी लाज शिल्लक ठेवते.

बरं, मी काही भाबडी नव्हते. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत अंधश्रद्धेवर बोलून बक्षीस आणलेली मुलगी मी. काकांचं हळदीकुंकू बघून मैत्रिणींमध्ये डोळे मिचकावलेली मी. ज्या माणसाला मी मनातून अडाणी समजत होते, त्यानं देवाला जिन्यापाशी थांबवलं होतं, आणि मी, विज्ञानाची पदवीधर, त्याला थेट आत घेऊन आले होते.

झाकण लावलं, उदबत्ती विझवून पर्समध्ये टाकली, गेट चालवलं. शंभरातले तीन फुटले. पुन्हा चालवलं. चार. पुन्हा. दोन.

तो एक तास मी विसरू शकत नाही. मी खुर्चीत बसून चक्क रडले. आईला फोन केला. "लागलं गं," म्हणाले, तीही रडली. देव आहे, असं मी त्या तासात अगदी शांतपणे ठरवून टाकलं होतं. आणि मग आकडे घसरायला लागले. पाच, अकरा, तीस. झोताचा जोर कमी कमी होत गेला. पाचच्या सुमाराला जोडीतला एक ठिपका गेला, मागोमाग दुसरा. पडदा रिकामा. मी झाकण उघडलं, तेव्हा चंदनाचा वास माझ्या तोंडावर आला. पंखा बंदच होता. मी चालू करायला विसरले होते. त्या घाईत मी तो चालू केला, झाकण लावलं आणि घरी गेले. दसऱ्याला सुट्टी होती. तो दिवस मी दिव्यात दाराला तोरण बांधत आणि श्रीखंड खात काढला. आई शेजारणींना सांगत होती की माझ्या लेकीचं गेट लागलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी झाकण उचललं, नाक आत घातलं आणि म्हणाल्या, "चंदन." टॉर्च मागितला. भांड्याच्या खिडकीवर तेलकट पापुद्रा धरला होता आणि झोत जिथून आत जायचा, नेमका तिथे तो करपट डाग. अतिनील झोत धुराची राळ काचेवर भाजून बसवतो, पुसून निघत नाही. आरसा असता तर एका दिवसात बदलला असता. खिडकी म्हणजे भांडं उघडायचं, आत हवा जाऊ द्यायची, मग पुन्हा सगळं आठवडेच्या आठवडे तापवत ठेवून हवा काढायची. दिवाळी गेलीच, समितीची तारीखही गेली.

आम्ही सगळे टेबलाभोवती उभे होतो. "धूर आत आला कसा?" मॅडमनी विचारलं.

कोणी काही बोलायच्या आत भोईरकाका पुढे झाले. "मॅडम, उदबत्ती माझी. दरवर्षी लावतो. लांब लावतो, पण आहे माझीच."

"दार?"

"ओढून घेतलेलं मी." मग थांबले. आपल्या हाताकडे पाहिलं. "म्हणजे, घेतलं असेल."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "अश्विनी, दुपारी तू इथेच होतीस. दार लागलेलं होतं का?"

एवढंच विचारलं होतं. दार लागलेलं होतं. मी ते स्वतःच्या हातानं उघडलं होतं. "हो, लागलेलं होतं," एवढं म्हटलं असतं तरी पुढचं सगळं आपोआप बाहेर आलं असतं, आणि म्हणूनच मला ते म्हणायचं नव्हतं. मी म्हणाले, "मला नीट आठवत नाही, मॅडम."

हेच ते वाक्य. त्यात मी कोणावर आरोप केला नाही, कोणाचं नाव घेतलं नाही. किती सभ्य वाक्य आहे ते. मॅडम म्हणाल्या, "भोईर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." काका "चूक झाली" म्हणाले. त्या आठवड्यात त्यांचं आत यायचं कार्ड काढून घेतलं आणि मागच्या शेडमधल्या स्टोअरमध्ये त्यांची बदली झाली. स्क्रू, हातमोजे, टिश्यूचे डबे द्यायचे, रजिस्टरवर सही घ्यायची. पगार तोच होता. कोणी त्यांना वाईट बोललं नाही. फक्त जोडी त्यांना पुन्हा दिसली नाही.

पण खरी शरमेची गोष्ट त्यानंतरची आहे. त्याच दुपारी पाण्याच्या फिल्टरपाशी काका माझ्याजवळ आले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून म्हणाले, "बाय, तू माझी लाज राखलीस. तुला दार उघडं दिसलेलं ना? पन तू बोलली नाय." त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना वाचवायला गप्प राहिले, असं त्यांना वाटलं होतं.

मी म्हणाले, "जाऊ दे हो काका."

खोटं बोलण्याचे किती प्रकार असतात, ते मला त्या एका महिन्यात कळलं. आणि पुढे कळलं ते असं की त्या दुपारी देवबिव काही आलेला नव्हता. भांडं तापत पडलेलं असताना मी रिकाम्या टेबलावर नुसता झोत लावून बघत बसले आणि पंखा बंद केला की झोताचं थरथरणं थांबतं हे लक्षात आलं. पंख्याच्या हवेनं झोत हलत होता, म्हणून आयन परत जागेवर येत नव्हते. तो एक तास गेट लागलं ते पंखा बंद राहिला म्हणून. झोतांना आम्ही नळकांड्या बसवल्या, पंख्याचा वेग उतरवला. जोडी परत बसली आणि समिती वसंतात येऊन खूश होऊन गेली. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच आहे. त्यात मी लिहिलं आहे की सर्व शक्य कारणांची पद्धतशीर छाननी केली असता हवेचा दोष आढळला. पद्धतशीर! आणि शेवटच्या पानावर, आभारांच्या यादीत, "तांत्रिक साहाय्याबद्दल श्री. भोईर" असं खालून दुसरं नाव.

त्या वर्षी कापणी झाल्यावर काका दिव्याला आमच्या घरी आले. खांद्यावर नव्या तांदळाची गोणी, चार जिने चढून. "पोरीसाठी आनलेत," आईला म्हणाले. आईनं त्यांना चहा केला, पाण्याची टंचाई असूनही हातपाय धुवायला तांब्या भरून दिला. ते गेल्यावर म्हणाली, "देवमाणूस आहे गं." नव्या तांदळाचा भात चिकट होतो, पण भाकरी अशी मऊ होते की तव्यावरून काढताच अर्धी संपते. ती भाकरी मी खाल्ली. पुढच्या वर्षीही खाल्ली. आम्ही डोंबिवलीला आलो, मला कॉलेजात नोकरी लागली, काकांनी पत्ता विचारून घेतला आणि गोणी तिथे यायला लागली. दरवर्षी मी ठरवायचे की यंदा सांगायचं. दरवर्षी ते दारात उभे राहून हसले की मी म्हणायचे, "कशाला त्रास घेता काका?"

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. तांदूळ घेऊन आले तेव्हा आईनं सहज विचारलं, यंदा दसरा कसा झाला. काका म्हणाले, "आमचा काय दसरा. हत्यारांची पूजा मी सोडलीय आता. माझ्या हातची पूजा लागत नाय." हसून म्हणाले. आई माझ्याकडे बघायला लागली, तिला काही कळलं नाही. मला कळलं. त्यांच्या आजोबांपासून घरात नांगर, विळे, कोयते पुजले जात होते. माझ्या एका वाक्यानं ते बंद पडलं होतं. माणसाचं कार्ड काढून घेतलं ते संस्थेनं. त्याचा स्वतःच्या हातावरचा भरवसा मी काढून घेतला होता.

त्यानंतरही मला वर्ष लागलं. हेही लिहायलाच हवं.

काल खंडेनवमी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांनी कपाटाला माळ घातली, पाट मांडला आणि कोणीतरी उदबत्ती काढली. "बाहेर," मी म्हणाले. आवाज असा काही निघाला की सगळी दचकली. एका मुलीनं घाबरत विचारलं, "मॅडम, तुम्ही हे मानत नाही का?" मी स्टाफरूममध्ये जाऊन माझ्या मार्गदर्शक मॅडमना सगळं लिहून पाठवलं. एकही सबब न देता लिहायचं म्हटलं तर ते जेमतेम आठ ओळींत मावलं. तासाभरात उत्तर आलं: "माझ्याशी नंतर बोल. आधी भोईरांना जाऊन सांग. संध्याकाळी मी त्यांना फोन करीन."

मी शहाडला उतरून रिक्षा केली. गावात शिरताना घरोघरी ट्रॅक्टर, मोटरसायकली सजलेल्या. काकांच्या अंगणात मात्र कापणीचे विळे नुसते धार लावून ओट्यावर ठेवलेले. काका खुर्चीत बसले होते. मला बघून इतके आनंदले की मला उलट्या पावली पळून जावंसं वाटलं. काकूंनी पाणी आणून दिलं आणि त्या आत भाकऱ्या थापायला गेल्या.

"काका," मी म्हणाले, "ती उदबत्ती मी आत नेली होती."

"कुटली?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे बघायचं असं ठरवून गेले होते, ते जमलं नाही. मी ओट्याच्या फरशीकडे बघत बोलले. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पंखा?"

"बंद केला होता."

"झाकन?"

"उघडं."

"किती टाइम?"

"पाच मिनिटं असतील. आणि नंतरही पंखा बंदच राहिला."

त्यांची बोटं मांडीवर हलत होती, काहीतरी केसभर फिरवत असल्यासारखी. ते त्या खोलीत परत गेले होते. "मंग राळ बसनारच," ते म्हणाले. "दारातून येवडा धूर येनारच नाय. मी तवाच मनात बोललेलो, येवडा येनार नाय." मग एकदम माझ्याकडे वळले. "आनि दार?"

"दार तुम्ही लावलं होतं, काका. घट्ट लागलेलं होतं. मी उघडलं."

"मी लावलेला," ते म्हणाले. "मी लावलेलाच." ते मला सांगत नव्हते. खुर्चीतून उठले आणि आत तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "अगो, ऐकतेस का? दार मी लावलेला."

काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. काकांनी त्यांना चार वाक्यांत सगळं सांगितलं, माझ्याबद्दल एकही वाकडा शब्द न वापरता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग नवऱ्याला विचारलं, "मंग येवडी वर्सं बोलली का नाय ही?"

उत्तर मलाच द्यायचं होतं. मी म्हणाले, "काकू, मला भीती वाटली. माझं सगळं शिक्षण फुकट जाईल असं वाटलं."

काकूंनी मान हलवली, समजल्यासारखी. पदराला हात पुसत म्हणाल्या, "आनि यांना नसल वाटली?"